कोणाकडं आले?

साखरखेर्ड्यात उतरलेल्या माणसाला हरवता येत नाही. त्याची स्वतःची तशी इच्छा असली तरी गाव त्याला हरवू देत नाही. एसटीच्या पायरीवरून एक पाय खाली टेकतो न टेकतो तोच पानटपरीच्या बाकड्यावरून सवाल येतो, "कोण्या गावचे?" पाहुणा सांगतो, जालना. "जालना खरं, पण मूळचे?" मूळचे परतूरचे. "हां, परतूर. मंग कोणाकडं आले?" पाहुणा नाव सांगतो. इथवर झाली ती चौकशी. यापुढं तपास सुरू होतो. आडनाव काय, त्या आडनावाची परतूरला दोन घरं, त्यातलं आपलं कोणतं, वेशीजवळचं की नदीकडचं, नदीकडच्या घरातली एक मुलगी इकडं मेहकरकडं दिलेली होती, ती आपल्या बापूच्या मामेभावाची सून लागते की नाही. नातं सापडलं की बाकड्यावर सरकून जागा होते आणि चहा सांगितला जातो. नातं नाही सापडलं तरी चहा सांगितला जातोच, कारण तपास अपुरा राहिलेला असतो.

तेवढ्यात कुणाचं तरी पोरगं मोटारसायकलवरून पुढं निघून गेलेलं असतं. पाहुणा पत्ता विचारत घरी पोचतो तेव्हा घरच्या बाईनं पोहे भिजवून ठेवलेले असतात. पाहुण्याला अगत्याचं कौतुक वाटतं. अगत्य असतंच, पण बातमी त्याच्याही आधी आलेली असते.

चिखली आणि मेहकर यांच्या मधलं, सिंदखेडराजा तालुक्यातलं हे आमचं गाव. खेडं म्हणावं तर इथं पोलीस ठाणं आहे, आणि शहर म्हणावं तर त्या ठाण्यासमोरच्या रस्त्यात म्हैस बसलेली असते आणि तिला उठवायची कुणाची प्राज्ञा नसते. अशा मधल्या आकाराच्या गावाची माझी व्याख्या सोपी आहे. जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात ते खेडं. जिथं कुणी कुणाला ओळखत नाही ते शहर. आणि जिथं तुम्ही समोरच्याला ओळखत नाही, पण त्याचा मेहुणा तुम्हाला ओळखतो, ते साखरखेर्डा.

कोल्हापूर-सांगलीकडून आलेला पाहुणा हमखास विचारतो, "कारखाना कुठं आहे?" साखर कारखाना तालुक्यात होता, पण तो दुसरबीडला, आणि तोही बंद पडला. आमच्याकडं पिकतं सोयाबीन, कपाशी, तूर आणि हरभरा. साखर दिसते ती चहात, आणि ती कमी असावी अशी विनंती करणारा पाहुणा इथं फार दिवस टिकत नाही. "साखरखेर्ड्यात येऊन बिनसाखरेचा?" या प्रश्नाला मधुमेहाच्या कोणत्याही डॉक्टरकडं उत्तर नाही.

हे सगळं आमच्याच गावाचं वैशिष्ट्य, असं मी पुष्कळ वर्षं समजत होतो. पण पुतण्या नोकरीच्या निमित्तानं आयर्लंडला गेला, आणि तोही डब्लिनला न राहता वेक्सफर्ड नावाच्या गावी जाऊन राहिला. स्लेनी नदी समुद्राला मिळते तिथं, आग्नेय कोपऱ्यात, व्हायकिंग लोकांनी वसवलेलं हे बंदर. वस्ती वीसेक हजारांची. म्हणजे तिकडचं मधल्या आकाराचं गाव. सुनेच्या बाळंतपणाला आमच्या वहिनी तिकडं गेल्या. दादांनी सोयाबीनच्या पेरणीचं कारण सांगून जाणं टाळलं. खरं कारण, त्यांना विमानात तंबाखू खाता येणार नाही असं कुणीतरी सांगितलं होतं. तीन महिन्यांनी वहिनी परत आल्या आणि तेव्हापासून संध्याकाळी ओट्यावर आयर्लंडचं पुराण लागतं. वक्त्या एकच, पण श्रोते रोज वाढताहेत.

"भाऊजी," वहिनींचा पहिला अध्याय पावसाचा असतो, "तिथं पाऊस रोज येतो, पण भिजवत नाही. नुसता अंगावरून हात फिरवून जातो. आणि एवढा पाऊस, तरी एक माणूस पेरणीचं बोलेल तर शपथ!" जूनमध्ये आभाळाकडं बघून माना मोडून घेणाऱ्या आमच्या ओट्याला हा पावसाचा अपमान वाटतो. त्यात वेक्सफर्डचे लोक स्वतःच्या मुलखाला 'उन्हाचा आग्नेय कोपरा' म्हणून मिरवतात, कारण बाकीच्या आयर्लंडात याहून कमी ऊन पडतं. वहिनींनी हे वाक्य जूनमध्ये स्वेटर घालून ऐकलं. पारा सलग पाच दिवस २५ अंशांच्या वर राहिला की तिथलं हवामान खातं उष्णतेची लाट जाहीर करतं. आपल्या खात्याला मैदानी मुलखात ४० अंशांच्या आत लाट हा शब्द उच्चारायचीसुद्धा लाज वाटते. "पंचवीसला?" ओट्यावरचे एक आजोबा म्हणाले, "पंचवीसला तर मी गोधडी घेतो."

दुसरा अध्याय दिवेलागणीचा. जूनच्या शेवटी तिथं सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. वहिनींचा नेम असा, की देवापाशी दिवा लावल्याशिवाय रात्रीचं जेवण नाही. पहिल्या दिवशी त्या वाट बघत बसल्या. आठ वाजले, नऊ वाजले, ऊन काही हलेना. सून उपाशी, बाळ रडतंय, आणि सासूबाई खिडकीत सूर्याकडं डोळे लावून. शेवटी पुतण्यानं तोडगा काढला. दिवा साखरखेर्ड्याच्या घड्याळाप्रमाणं लावायचा! म्हणजे दुपारी अडीच-तीनच्या सुमारास वेक्सफर्डच्या स्वयंपाकघरात तिन्हीसांजा होऊ लागल्या.

समुद्राशी आम्हा देशावरच्या माणसांची ओळख बेताचीच. वहिनींना कुराक्लो नावाच्या किनाऱ्यावर नेलं. मैलोगणती वाळू, वारा असा की पदर सांभाळावा की माणूस, आणि पुढं ते अफाट पाणी. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या लढाईचं हॉलिवूडनं चित्रण केलं ते याच बाजूच्या वाळूवर, 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'साठी, असं पुतण्यानं सांगितलं. वहिनींनी लांबूनच हात जोडले आणि समुद्राला म्हणाल्या, "तिथंच बस बाई." त्यांना आश्चर्य वाटलं ते शेजारणीचं. सत्तरीच्या पुढची बाई, बारा महिने पहाटे उठून त्या बर्फगार पाण्यात उतरायची आणि दात वाजवत, हसत बाहेर यायची. वहिनींनी चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी सुनेला हळूच विचारलं, "हिचं व्रत कोणत्या देवाचं आहे गं? उद्यापन कधी?" आमच्याकडं कार्तिकस्नान करणाऱ्या बायका महिन्याभरात सुटतात. या बाईचा कार्तिक संपतच नव्हता.

पण वहिनींचा जीव खरा अडकला तो रेल्वेत. वेक्सफर्डात आगगाडी धक्क्यावरून, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दुकानांचा रस्ता, अशी अगदी सावकाश जाते. पिशवी घेऊन चाललेल्या बाईला बाजूनं जाणारी गाडी दिसते. खामगाव–जालना रेल्वे होणार, सर्वेक्षण झालं, पुन्हा सर्वेक्षण झालं, हे ऐकत इंग्रजांच्या काळापासून आमच्या भागात पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. त्याच भागातली बाई त्या धक्क्यावर उभी राहून गाडीकडं बघत होती. "बाप्पा! इथं दुकानाच्या दारातून गाडी जाते, अन् कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही." हे सांगताना अजूनही त्यांचा आवाज चढतो.

खाण्याचं म्हणाल तर तिथल्या तळणाच्या दुकानात रिसोल मिळतो. उकडलेला बटाटा कुस्करायचा, त्यात कांदा आणि पाला घालायचा, गोळा करून बाहेरून आवरण द्यायचं आणि तळायचं. वेक्सफर्डला त्याचा मोठा अभिमान. वहिनींनी एक घास घेतला आणि निकाल दिला, "आलूबोंडाच आहे, पण आजारी माणसाचा." हिरवी मिरची नाही, लसूण नाही, सोबत तळलेली मिरची नाही. मेहकरच्या स्टँडवरच्या आलूबोंडेवाल्याला तिथं पाठवावं असा त्यांचा प्रस्ताव आहे.

घरातली भांडणं मात्र त्यांना ओळखीची निघाली. तिथल्या घरात पाणी तापवायची विजेची टाकी असते. कुटुंब गाडीत बसून निघालं, दहा मैल पुढं गेलं, की नवरा किंवा बायको दचकून विचारते, टाकीचं बटण बंद केलं का? आणि सगळी वरात माघारी. शेजारीण हे सांगताना वहिनींना हसू आवरेना. आमच्याकडं लग्नाला निघालेली जीप कितीदा तरी चिखली नाक्यावरून परतली आहे, कारण 'मोटार बंद केली का' या प्रश्नाला घरातल्या तिघांनी तीन वेगवेगळी उत्तरं दिली होती. ज्या दिवशी नळाला पाणी असतं त्या दिवशी आमच्याकडं पाहुण्यानं येऊच नये. आला तर त्याच्या हातात आधी बादली मिळते, मग चहा.

आयर्लंडात गावोगावच्या रेडिओवर कोण वारलं, अंत्यविधी कुठं, किती वाजता, हे रोज वाचून दाखवतात. म्हातारीकोतारी माणसं हातातला चमचा खाली ठेवून ऐकतात. ओळख लांबची असली तरी जायचं, रांगेनं घरच्यांचा हात हातात घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, मग चहा आणि सँडविच. वहिनींना हा देश एकदम सुसंस्कृत वाटला. "माणसं मौतीला येतात भाऊजी. मंग बाकी काही नसलं तरी चालतं." तेरवीला टेम्पो भरून जाणाऱ्या गावाला याहून मोठं प्रशस्तिपत्र देता येत नाही.

एकच सवय तिथली अशी, की ती इथं आणल्यामुळं घोटाळा झाला. आयर्लंडात बसमधून उतरताना प्रत्येक प्रवासी चालकाला धन्यवाद देऊन उतरतो. वहिनींनी परत आल्यावर चिखलीच्या एसटीतून उतरताना मागं वळून ड्रायव्हरला म्हटलं, "थँक्यू बरं का दादा." ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. "काय राह्यलं मावशी? पिशवी राह्यली का?" कंडक्टरनं खाली वाकून सीटखाली बघितलं. मागच्या बाईनं पोरं मोजली. गाडी पाच मिनिटं उभी होती.

पुराण इथवरच राहिलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात ती व्रत करणारी शेजारीण आणि तिचा नवरा, दोघं आमच्याकडं राहायला येणार असं पुतण्यानं कळवलं, आणि घरात धावपळ सुरू झाली. वहिनींनी माझ्या बायकोला बजावलं, "बटाटा जास्त ठेव. बटाट्यावाचून त्यांचं चालत नाही." हिनं बटाट्याचं पोतं आणवलं. सॉसची बाटली, ब्रेड, कपाटातल्या न वापरलेल्या कपबशा, घडी न मोडलेली चादर. घराला रंग द्यावा असंही एकदा निघालं, पण रंगाचा वास पाहुण्यांना बाधेल या सबबीवर मी ते टाळलं.

मुंबईहून ते ७०१ किलोमीटरच्या त्या समृद्धी महामार्गानं सुसाट सिंदखेडराजापर्यंत आले आणि तिथून पुढं कपाशीनं भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागं मागं, ट्रॅक्टरच्याच वेगानं. स्टँडवर गाडी अडवली गेली. पुतण्यानं काच खाली केली तर बाकड्यावरून त्यालाच सवाल, "कोणाकडं आले?" स्वतःच्या गावात त्याला स्वतःच्या बापाचं नाव सांगावं लागलं. मग मोर्चा मागच्या सीटकडं. "पाहुणे कोण्या गावचे?" वेक्सफर्ड. "ते कुठं आलं?" आयर्लंड. "म्हणजे इंग्लंडच ना?"

पुतण्यानं याचं भाषांतर करायचं शहाणपणानं टाळलं. पण म्हाताऱ्याला 'इंग्लंड' तेवढं बरोबर ऐकू आलं. तो दार उघडून खाली उतरला. पाच फूट काही इंच, टोपी, लाल चेहरा, आयुष्यभर पोस्टमनची नोकरी केलेला माणूस. त्यानं बाकड्यासमोर उभं राहून जे काही सांगितलं त्यातला एक शब्द कुणाला कळला नाही आणि अर्थ मात्र सगळ्यांना कळला. शेकडो वर्षं, जमिनी, उपासमार, आणि १९२२ साल. पुतण्या मध्ये तोंड घालायला गेला तर बाकड्यावरच्या एका आजोबांनी त्याला गप्प केलं, "राहू दे. समजलं. आपलेच हायेत." चहा आला.

कुणीतरी वर्तमानपत्र वाचणारा होता, तो म्हणाला, "त्यांच्याकडं तर आपला मालवणकडचा पंतप्रधान होता ना?" होता. लिओ वराडकर. वडील डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१७ साली ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरात पदावर असतानाच वराडला येऊन गेले. पंतप्रधान असले म्हणून काय झालं, गावानं त्यांना डॉक्टरांचा मुलगा म्हणूनच पाहिलं असणार. नाव ऐकताच पोस्टमनचे डोळे चमकले. लिओची आई कुठली? डंगार्वनची. म्हणजे वॉटरफर्ड, म्हणजे आमच्या शेजारचा जिल्हा. तिथं माझी मावशी दिलेली होती, आणि त्या मावशीच्या घराशेजारी... बाकड्यावरच्या मंडळींनी एकमेकांकडं पाहिलं. तपास करणारा माणूस तपास करणाऱ्याला लगेच ओळखतो.

बटाट्याचं मात्र फसलं. पहिल्या दिवशी बटाट्याची भाजी, बटाट्याचे काप आणि बटाटा घातलेली खिचडी, असा बेत झाला. पाहुणे निमूट जेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बटाटा आला तेव्हा म्हाताऱ्यानं पुतण्याच्या कानात विचारलं, की घरच्यांसाठी शिजत होतं ते काळं वांगं पाहुण्यांना निषिद्ध आहे का? तेव्हापासून भरीत, भाकर, ठेचा. ठेच्याचा पहिला घास घेतल्यावर तो बराच वेळ बोलला नाही. डोळ्यांतून पाणी काढत त्यानं दुसरा घास घेतला. शेतात हुरडा झाला, वरण-बट्टी झाली. सॉसची बाटली अजून तशीच आहे.

प्रल्हाद महाराजांच्या मठात महाप्रसादाला नेलं. गोंदवलेकर महाराजांचे शिष्य जालन्याचे रामानंद महाराज, त्यांचे शिष्य आमचे प्रल्हाद महाराज. या परंपरेत रामनाम आणि अन्नदान या दोन गोष्टींना सुट्टी नसते. जपमाळ बघून शेजारीणबाईंनी पर्समधून स्वतःची काढून दाखवली. पंगतीत तिनं पहिल्यांदा वाढायला आलेल्याला मानेनं नको म्हटलं. तिकडची रीत अशी, की एकदा नको म्हणायचं, समोरच्यानं आग्रह करायचा, मग घ्यायचं. आमचीही तीच. फरक इतकाच, की तिकडं तिसऱ्यांदा 'नको' म्हटलं की ते नको असतं. इथं हा नियम लागू नाही हे तिला पाचवी पोळी पानात पडल्यावर कळलं.

माझी खरी कसोटी पुढंच होती. मी इतिहास शिकवण्यात नोकरी घालवली. पोस्टमनला इतिहासाचं वेड. त्यानं विचारलं, या गावात काही घडलंय का? घडलंय म्हणजे काय! ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथं निजामउल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान पडला, निजाम जिंकला, आणि हैदराबादची जी आसफजाही १९४८ पर्यंत चालली तिचा पाया इथं घातला गेला. बाजीराव पेशवा त्या वेळी निजामाच्या बाजूला होता. गंमत पुढं आहे. निजामाला आवरावं म्हणून मुबारिजखानाला आतून दिल्लीच्या बादशहाचीच फूस होती. जिंकल्यावर निजामानं खानाचं मुंडकं कापून बादशहाकडंच रवाना केलं, वर निरोप, की आपल्या एका बंडखोराचा बंदोबस्त केला आहे. दक्खनी तहजीब म्हणतात ती ही. मग त्यानं गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं. राज्य त्याच्या वंशजांनी सव्वादोनशे वर्षं चालवलं. नाव मात्र गावानं चालू दिलं नाही. आणि या सगळ्या व्यवहारात बिर्याणी तेवढी हैदराबादला गेली.

पोस्टमन तारखेपाशीच थांबला होता. ११ ऑक्टोबर? त्यानं पुन्हा विचारून घेतलं. १६४९ साली इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या फौजेनं वेक्सफर्ड लुटलं, माणसं कापली, तीच ही तारीख. दोन्ही पंचांगं वेगळी होती, त्यामुळं पंडित हरकत घेतील. आम्ही दोघांनी घेतली नाही. क्रॉमवेलचं नाव उच्चारताना तो खिडकीतून बाहेर थुंकला. पावणेचारशे वर्षांनी! आमच्याकडं मुबारिजखानाला कुणी नावानंही ओळखत नाही. रणांगण दाखवा म्हणाला. मी चौकात विचारलं तर चार जणांनी चार दिशांना हात केले, आणि चौघांच्याही हाताच्या दिशेला त्यांची स्वतःची शेतं होती. त्याच्या गावी १७९८ च्या बंडातल्या भालाईताचा पुतळा १९०५ पासून भर चौकात उभा आहे. मी त्याला तुरीचं एक शेत दाखवलं. त्यानं टोपी काढली. शेतमालक बांधावर उभा होता. मोजणीवाले आलेत समजून तो घाबरा झाला.

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी गर्दीत नेऊन आणलं. मेहकरला शारंगधर बालाजी दाखवला. आणि लोणार. मी जन्मापासून या भागात राहतो आणि लोणार सरोवराला जेव्हा केव्हा गेलो तेव्हा सोबत पाहुणाच होता. पाहुण्याशिवाय लोणारला जाणारा स्थानिक माणूस मी अजून पाहिलेला नाही. गेलाच तर तहसीलच्या कामाला. उल्कापातानं बेसॉल्टच्या खडकात पडलेला खड्डा, काठापासून काठापर्यंत पावणेदोन-दोन किलोमीटर, आणि तळाशी खारं, क्षारानं भरलेलं पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं. फलकावर असतं की १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हे सरोवर शोधून काढलं. पोस्टमन हसत हसत खाली बसला. तोवर कमळजादेवीला नवस बोलणारी माणसं कुणाच्या परवानगीनं जात होती, असा त्याचा सवाल होता. शेजारीणबाई पाण्याकडं बघून चप्पल काढू लागल्या. इथं अंघोळ करत नाहीत, पाणी अंगाला झोंबेल, हे समजावताना पुतण्याची बरीच इंग्रजी खर्ची पडली. रोजचा नेम मोडतोय म्हणून त्या हिरमुसल्या. शेवटी वहिनींनी त्यांना गोमुखाच्या धारेखाली नेलं. बाहेर आल्या तेव्हा दात वाजत नव्हते, त्यामुळं त्यांना ते स्नान पुरेसं वाटलं नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी घरात गर्दी उसळली. म्हाताऱ्याला टॉवेल-टोपी झाली, बाईंची खणा-नारळानं ओटी भरली. नारळ विमानात चालतो की नाही यावर ओट्यावर दोन तट पडले. तेवढ्यात बाकड्यावरचे आजोबा काठी टेकत आले. त्यांचा तपास अपुरा राहिला होता.

"यांचं घर शेतीचं का?"

पोस्टमन म्हणाला, मी नोकरी केली, शेती भावाकडं. किती? एकराची भाषा तिकडंही चालते, त्यामुळं भाषांतर लागलं नाही. साठ. ओटा शांत झाला. "कोरडवाहू का बागायती?" पुतण्यानं डोकं खाजवलं. पाणी कुठलं, म्हणून विचारलं तर म्हातारा आभाळाकडं बोट दाखवून म्हणाला, बारा महिने. "बागायती," आजोबांनी नोंद घेतली. "जनावरं?" दुधाच्या गाई, शंभराच्या आसपास. "करतो कोण?" भावाचा मुलगा, एकुलता एक. चौतीस वर्षांचा. निर्व्यसनी? पोस्टमननं हात किंचित हलवून मधलं उत्तर दिलं. लग्न? नाही. शेतकरी पोराला कोण मुलगी देतं, असं म्हणून त्यानं सांगितलं, की याच दुखण्यापायी त्यांच्याकडं लिस्डूनवर्ना गावी दर सप्टेंबरात सोयरिकी जुळवायची जत्रा भरते, शंभर-दीडशे वर्षांची जुनी. पोरगा दोनदा जाऊन आला, आणि दोन्ही वेळा बैलांची किंमत विचारून परत आला.

आमच्याही गावात तिशी ओलांडलेली, शेती सांभाळणारी, बिनलग्नाची पोरं मोजायला बसलो तर ओटा पुरणार नाही. सगळ्यांनी चुकचुक केली. आजोबा मात्र विचारात पडले होते. साठ एकर, बागायती, शंभर गाई, एकुलता एक, आणि चुलती समुद्रात न्हाणारी, म्हणजे घर धार्मिक.

"फोटो मागवून घे," ते पुतण्याला म्हणाले, "आपल्या सुमीच्या नणंदेची पोरगी आहे, लोणारची. खाऱ्या पाण्याची सवय आहे तिला."